मधमाशीचं सोंग घेणारा, दिवसा उडणारा पतंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुलांच्या ताटव्यावर काहीतरी गुणगुणत असतं. जाडसर, लवदार, पिवळट हिरवं अंग, कमरेशी गडद पट्टा, पंख असून नसल्यासारखे. पहिल्या नजरेला मधमाशी वाटते, दुसऱ्या नजरेला भुंगा, आणि नीट बघायला पुढे वाकावं तर स्वारी पलीकडच्या फुलावर पोचलेली. असं वर्णन करून "हे नक्की काय?" असं विचारणारे इतके आहेत की उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवलेली बरी.

हा प्राणी नक्की कोण?

पतंग. रात्री दिव्याभोवती फिरतात त्यांचाच भाऊबंद. तुम्ही पाहिलेला बहुधा दोन प्रजातींपैकी एकीतला असेल. युरोप, उत्तर अमेरिका आणि आशियाच्या समशीतोष्ण पट्ट्यात हेमॅरिस प्रजातीचे पतंग दिसतात. भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया, चीन, जपान ते थेट ऑस्ट्रेलियापर्यंत सेफोनोडेस हायलस ही जाती आढळते. दोन्ही स्फिंजिडी कुळातले, म्हणजे हॉक मॉथ. या कुळात जगभरात सुमारे १,४५० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक रात्रीच बाहेर पडतात. भर उन्हात फुलांवर येणारे मोजकेच.

मराठीत या पतंगांसाठी सगळीकडे रुळलेलं असं एक नाव नाही. मी स्वतः त्यांना 'भुंगापतंग' म्हणतो. शब्द घरगुती आहे, पण ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

डंख मारतो का?

नाही. मारूच शकत नाही. नांगी म्हणजे मुळात अंडी घालण्याच्या अवयवाचं बदललेलं रूप, आणि ते मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या यांच्या गणातच आढळतं. पतंगांकडे ते नाही, चावायला जबडा नाही, विषही नाही. तोंडाशी आहे ती गुंडाळून ठेवता येणारी लांब सोंड, आणि ती फक्त मकरंद ओढायच्या कामाची.

गंमत अशी की जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली यांच्यातल्या एका युरोपीय जातीला 'फ्युसिफॉर्मिस' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'फ्यूकस' म्हणजे नर मधमाशी. नर मधमाशीलाही नांगी नसते. नाव ठेवणाऱ्याच्या मनात ते होतं की नाही कोण जाणे, पण बसलं अगदी चपखल.

मग खऱ्या मधमाशीपासून वेगळा कसा ओळखायचा?

आधी त्याच्या फुलाशी वागण्याकडे बघा, अंगाकडे मागाहून. मधमाशी फुलावर उतरते, पाय रोवते, आत शिरते, परागात लोळते. भुंगापतंग सहसा उतरत नाही. फुलासमोर हवेत एका जागी तरंगत राहतो, दुरूनच सोंड आत घालतो आणि दोनतीन सेकंदांत पुढच्या फुलाकडे सरकतो. हेमॅरिसच्या काही जाती पुढचे पाय पाकळीला हलके टेकवतात, पण पंख थांबत नाहीत. एवढी एक खूण पक्की केलीत तर दहातले नऊ वेळा चुकणार नाही.

शंका उरलीच तर मिशा पाहा. मधमाशीच्या मिशा बारीक आणि कोपरात वाकलेल्या असतात. पतंगाच्या मिशा टोकाकडे जाड होत जातात. मागच्या पायांवर परागाचे गोळे दिसले तर ती मधमाशीच, पतंगाकडे पराग साठवायची सोय नसते. शेपटीकडे केसांचा झुपका असेल, आणि उडताना तो पंख्यासारखा पसरत असेल, तर पतंग. सेफोनोडेसचा झुपका काळा असतो आणि चांगला ठळक दिसतो.

आकारही मदत करतो. हेमॅरिसच्या पंखांचा विस्तार साधारण चार ते पाच सेंटिमीटर, सेफोनोडेस हायलसचा साडेचार ते सातच्या आसपास. म्हणजे साध्या मधमाशीच्या मानाने हा दांडगाच. खरं तर त्याचं सोंग मधमाशीपेक्षा लाकूड पोखरणाऱ्या मोठ्या भुंग्याशी किंवा बंबल बी या केसाळ, डंख मारणाऱ्या माशीशी जास्त जुळतं. 'मधमाशीसारखा' हा आपला सोयीचा शब्द.

पतंग असून दिवसा का उडतो?

पतंग म्हणजे रात्रीचा आणि फुलपाखरू म्हणजे दिवसाचं, ही वाटणी शाळेत सोपी म्हणून शिकवतात. निसर्गाने ती कधी पाळली नाही. दिवसा उडायची सवय पतंगांच्या वेगवेगळ्या कुळांत, एकमेकांशी संबंध नसताना, अनेकदा उदयाला आली आहे. आणि वंशवृक्ष मांडला तर फुलपाखरं हीच पतंगांच्या प्रचंड पसाऱ्यातली एक फांदी ठरते.

दिवसा फुलं उघडी असतात, उब आयती मिळते, आणि मुख्य म्हणजे वटवाघळं झोपलेली असतात. पण एक शत्रू टळतो तोच दुसरा दारात उभा राहतो: पक्षी. वटवाघूळ आवाजाच्या पडसादावर शिकार करतं, त्याला भक्ष्याच्या रंगाचं सोयरसुतक नाही. पक्षी डोळ्यांनी शिकार करतो, आणि पाहिलेलं लक्षातही ठेवतो. म्हणून रंगरूपाचं सोंग दिवसाच्या बाजारातच खपतं. रात्री उडणाऱ्या पतंगाने मधमाशीचे पट्टे अंगावर मिरवले तरी ते बघणार कोण?

पंख पारदर्शक कसे? पतंगाच्या पंखांवर तर भुकटी असते ना?

असते, आणि याच्याही असते. फक्त पहिल्या दिवशी.

ती भुकटी म्हणजे खवले, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले. कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या भुंगापतंगाचे पंख करडट आणि अपारदर्शक दिसतात. पण पंखांच्या मधल्या भागातले खवले इतके सैल बसवलेले असतात की पहिल्यांदा पंख फडफडवताच ते धुरळ्यासारखे उडून जातात आणि खाली स्वच्छ काच उरते. हेमॅरिसमध्ये कडेची तपकिरी किनार आणि शिरांवरचे खवले टिकून राहतात. सेफोनोडेसमध्ये जवळजवळ अख्खा पंख मोकळा होतो. अंगावरचं वस्त्र पहिल्याच उड्डाणात फेकून देणारा हा प्राणी मला नेहमीच चकित करतो.

पण नुसते खवले गळून भागत नाही. काच पारदर्शक असली तरी उन्हात चमकते, आणि चमकली की दिसते. सेफोनोडेस हायलसच्या पंखाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म उंचवट्यांची दाट लागवड असते. उंचवट्यांमधलं अंतर सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कमी. त्यामुळे हवेतून पंखात शिरताना प्रकाशाला एकदम 'भिंत' लागत नाही, त्याला हळूहळू दाट होत जाणारा थर लागतो, आणि परत फिरणारा प्रकाश फार कमी होतो. जपानी संशोधकांनी १९९७ साली हे दाखवून दिलं. रात्री उडणाऱ्या पतंगांच्या डोळ्यांवरही अशीच रचना असते. चष्म्याच्या आणि कॅमेऱ्याच्या भिंगांवर चकाकी मारणारा थर देतात, त्याचंही उद्दिष्ट हेच.

तो मुद्दाम नक्कल करतो का?

'नक्कल' या शब्दाने हा घोळ होतो. पतंगाला मधमाशी ठाऊक नाही. आपण कुणासारखे दिसतो हेही ठाऊक नाही. आरशासमोर बसून कुणी पट्टे रंगवलेले नाहीत. पिढ्यान्पिढ्या जे पतंग योगायोगाने जरा जास्त मधमाशीसारखे दिसले ते जरा कमी खाल्ले गेले, त्यांची पिल्लावळ जरा जास्त वाढली, एवढंच. हे 'जरा' लाखो वर्षं साठत गेलं.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली हेन्री वॉल्टर बेट्स यांनी. १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षं ते ॲमेझॉनच्या जंगलात किडे गोळा करत होते. त्यांना दिसलं की काही चविष्ट फुलपाखरं हुबेहूब कडवट फुलपाखरांसारखी दिसतात आणि त्यांच्याच थव्यात मिसळून उडतात. १८६२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं, डार्विनचा ग्रंथ बाहेर पडून जेमतेम तीन वर्षं झाली होती. निरुपद्रवी जिवाने उपद्रवी जिवाचं रूप घेणं याला तेव्हापासून 'बेट्सीय अनुकृती' म्हणतात. आपला भुंगापतंग याच खात्यात जमा.

पक्षी खरंच फसतात?

फसतात, पण जन्मतः नव्हे. आधी अद्दल घडावी लागते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं हे आहे. आणि पतंग म्हणजे या गोष्टीतलं ताक.

याचा सुरेख पुरावा १९६० सालच्या एका प्रयोगात मिळाला. जेन आणि लिंकन ब्राउअर या दांपत्याने पतंगाऐवजी बंबल बीसारखी दिसणारी एक शिकारी माशी घेतली, आणि पक्ष्यांच्या जागी भेक. काही भेकांना आधी जिवंत बंबल बी दिल्या. जिभेला डंख बसला, भेक शहाणे झाले. त्यांच्यापुढे मग ती सोंगाडी माशी ठेवली तर तिच्याकडेही ते तोंड उघडेनात. ज्या भेकांनी बंबल बी कधी पाहिलीच नव्हती, त्यांनी मात्र माशी गट्ट केली.

यातून निघणारा मुद्दा मला या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: सोंगाची ताकद पतंगाच्या अंगात नसते, ती शिकाऱ्याच्या आठवणीत असते. आठवण ताजी ठेवायचं काम खऱ्या मधमाश्या करतात. परिसरात माश्या भरपूर आणि पतंग थोडे, तोवर हे खपून जातं. पतंगच जास्त झाले तर पक्ष्याला पट्टेवाला घास दर वेळी गोड लागेल आणि नाणं खोटं असल्याचं बाहेर पडेल. भुंगापतंग क्वचितच घोळक्याने दिसतो, याचं हेच एकमेव कारण आहे असं मी म्हणणार नाही, पण गर्दी त्याच्या फायद्याची नाही हे नक्की.

मला तर लगेच कळलं की ही मधमाशी नाही. मग नक्कल इतकी कच्ची का?

कारण ती तुमच्यासाठी केलेलीच नाही! तुम्ही फोटो मोठा करून मिशा मोजता. पक्ष्याला उडता उडता निर्णय घ्यायचा असतो: झडप घालावी की जाऊ द्यावं? त्या क्षणी जरा कच खाल्ली तरी पतंग निसटला. शिवाय चुकीची किंमत दोन्हीकडे सारखी नाही. पतंग सोडला तर एक घास गेला. मधमाशी धरली तर डंख. इतक्या विषम व्यवहारात पक्षी संशयाचा फायदा समोरच्यालाच देतो, आणि कच्च्या सोंगावरही निभावून जातं.

तो आवाज पंखांचा की तोंडाचा?

पंखांचाच. हेमॅरिस सेकंदाला साधारण ७० वेळा पंख मारतो. मधमाशी २०० हून जास्त वेळा मारते, त्यामुळे पतंगाची गुणगुण खालच्या पट्टीत लागते. कान तयार असेल तर फरक कळतो. गोष्टीतलं वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव ओरडल्यामुळे पकडलं गेलं. हा निदान आवाजाच्या बाबतीत सावध आहे.

हे सगळं चालवायला इंजिन गरम लागतं. उडण्याआधी हॉक मॉथ जागच्या जागी पंख थरथरवून छातीचे स्नायू तापवतात आणि मगच झेप घेतात. छातीवरची दाट लव ती उष्णता धरून ठेवते. म्हणजे ज्या केसाळ अंगामुळे तो भुंग्यासारखा दिसतो, ते केस नुसते सोंगासाठी नाहीत, त्यांना स्वतःचं कामही आहे.

गांधीलमाशीसारखा दिसणारा सडपातळ पतंग पाहिला. तोही हाच का?

नाही, ते वेगळं घराणं: सेसिडी. पंख अरुंद आणि काचेचे, अंगावर पिवळेकाळे पट्टे, आणि काहींच्या पोटावर अशा जागी फिकट ठिपका की कंबर बारीक असल्याचा भास व्हावा. सोंगाच्या बाबतीत हे हॉक मॉथच्या दोन पावलं पुढेच. त्यांच्या हजाराहून जास्त जाती आहेत, तरी सहसा नजरेला पडत नाहीत, कारण अळीचं आयुष्य खोडात, फांदीत किंवा मुळांत पोखरत जातं. युरोपातल्या सेसिया एपिफॉर्मिसची अळी पॉप्लरच्या बुंध्यात दोनतीन वर्षं काढते. या जातीच्या नावाचा अर्थ 'मधमाशीच्या आकाराची', आणि दिसते ती थेट मोठ्या गांधीलमाशीसारखी. नामकरणात अशा गफलती पुष्कळ.

उत्तर अमेरिकेत यांच्यातल्या काही जाती पिकांच्या शत्रू आहेत. एक पीचच्या खोडात शिरते, एक भोपळ्याच्या वेलात. पीचवाल्या जातीच्या मादीचा गंध १९७४ साली रासायनिकदृष्ट्या ओळखला गेला. पुढे असे गंध कृत्रिमरीत्या बनवून नरांना बोलावता येऊ लागलं, आणि ज्या जाती दुर्मीळ समजल्या जात होत्या त्यांतल्या काही प्रत्यक्षात निवांत नांदत असल्याचं कळलं.

सगळ्यांत रंगतदार कथा हेटेरोस्फेशिया टावोनॉइडिसची. हिची ओळख होती ती फक्त व्हिएन्नाच्या संग्रहालयातल्या एका मोडक्या नमुन्यावरून, आणि तो १८८७ साली सुमात्रात मिळालेला. पोलंडच्या संशोधिका मार्ता स्कोव्ह्रॉन व्होल्पोनी यांना २०१३ साली मलेशियाच्या वर्षावनात, नदीकाठी, ही जिवंत दिसली. निळी झाक असलेलं अंग, पायांवर केसांचे झुपके, आणि ओल्या मातीतली खनिजं शोषायला बसलेली चक्क मधमाश्यांच्या सोबत. सुमारे सव्वाशे वर्षं कुणाच्या लक्षात न येण्याला याहून चांगली जागा कुठली?

मधमाश्यांना याचा त्रास होतो का? मध चोरतो का?

भुंगापतंग फुलावरचा मकरंद पितो, पोळ्याकडे फिरकत नाही. मध चोरणारा आहे तो त्याचा रात्रीचा चुलतभाऊ, पाठीवर कवटीसारखी खूण असलेला ॲकेरॉन्शिया. आखूड, मजबूत सोंडेने तो मेणाचं झाकण फोडून मध पितो. त्याच्या एका जातीबद्दल १९९१ साली असं आढळलं की तिच्या अंगावरच्या गंधद्रव्यात मधमाश्यांच्या अंगावर असतात तीच मेदाम्लं असतात. अंधाऱ्या पोळ्यात रंग बघणार कोण, तिथे वासाचं सोंग चालतं. एकाच कुळातल्या दोघांनी मधमाशीला असं दोन टोकांनी गाठलं आहे.

परागीभवन करतो का?

थोडंफार. सोंड लांब आणि अंग फुलापासून दूर, त्यामुळे पुष्कळ फुलांचा मकरंद तो पराग न लावून घेताच पितो. मात्र नळीसारख्या खोल फुलांना अशीच सोंड लागते. उत्तर अमेरिकेत हेमॅरिस थिस्बे काही जांभळ्या रानटी ऑर्किडांचे पराग वाहून नेतो.

अळी कशी असते? झाडाचं नुकसान होईल का?

बोटाएवढी, गुळगुळीत, बहुधा हिरवी, आणि शेपटीवर एक शिंग. शिंग दिसायला भयंकर, पण टोचत नाही. डिवचली तर अळी अंगाचा पुढचा भाग उचलून डोकं आत घेते आणि निश्चल बसते. या पवित्र्यावरूनच कुळाला इजिप्तच्या स्फिंक्सचं नाव मिळालं.

हेमॅरिसच्या अळ्यांना हनीसकलची पानं प्रिय. एक युरोपीय जाती, हेमॅरिस टिटियस, स्केबियस नावाच्या रानफुलावर वाढते. सेफोनोडेस हायलसची अळी कॉफीच्या कुळातली झाडं खाते, म्हणजे स्वतः कॉफी आणि अनंतसुद्धा. अनंताच्या झुडपाची पानं एका रात्रीत कुरतडलेली दिसली आणि खाली काळ्या लेंड्यांचा सडा असला, तर वरच्या फांद्यांत शोधा. बागेतल्या झाडावर दोनचार अळ्या असल्या तर मी काहीच करणार नाही. झाड पुन्हा फुटतं. अगदीच रोपटं असेल तर अळी अलगद उचलून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर ठेवा, दुसऱ्या झाडावर ठेवून उपयोग नाही. फवारणी करू नका. पूर्ण वाढलेली अळी खाली उतरून पालापाचोळ्यात किंवा मातीत कोष करते, म्हणून झाडाखाली सारखी खुरपणी केली तर कोष उघडे पडतात.

घरात शिरला तर?

खिडकी उघडी ठेवा, पडदा बाजूला करा, दिवा बंद करा. उजेडाकडे जातो. काचेवर आपटत असेल तर पेला पालथा घालून खाली जाड कागद सरकवा. बरणीत ठेवू नका, फडफडून पंख फाटतात.

फोटो स्वच्छ येत नाही. काय करू?

पाठलाग सोडा. ज्या फुलांवर तो येतो त्यांच्यासमोर बसा, ऊन चढल्यावर किंवा दुपार कलल्यावर. तो फुलं एकामागून एक तपासत येतो, त्यामुळे आत्ताच्या फुलाऐवजी पुढच्या न तपासलेल्या फुलावर फोकस लावून ठेवा. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा ठेवला तर अंग स्पष्ट येईल, पंखांची टोकं तरीही पुसट येतील, आणि मला तरी ती तशीच आवडतात. पंख पूर्ण गोठवायचे तर चार हजाराव्या भागापर्यंत जावं लागेल. ढग आला की थोडा वेळ कॅमेरा खाली ठेवायला हरकत नाही, उन्हाशिवाय तो फारसा फिरत नाही. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या हाती रिकाम्या फुलांचेच फोटो लागतात.